डेमो पीस

शुक्रवार, म्हापसा, सव्वाअकरा.
पर्समध्ये भिशीचे नऊ हजार, बसमध्ये दोनदा चाचपलेले,
आणि काउंटरच्या काचेवर दोन कॅमेरे:
एक चंदेरी, एक काळा,
दोन्ही इतके चपटे की आग्नेलनं ते
पत्ते टाकावेत तसे टाकले माझ्यापुढं.
"दोनूय बरे, बाय."
दोन्ही बरे म्हणणाऱ्याचा काय उपयोग?

चंदेरी अठरा मिलिमीटर. पोलक्यात मावेल.
हे मी आग्नेलला बोलले नाही.
काळा चार मिलिमीटरनं जाड,
पण त्याला मसुराएवढं भोक आहे डोळा लावायला;
दुसरा डोळा मिटावा लागतो,
सुईत दोरा ओवताना मी मिटते तसा.
चंदेरीची बॅटरी त्याची त्याची, खोबऱ्याच्या वडीसारखी.
चार्जर बिघडला की बसा.
काळ्याला पेन्सिल सेल चालतात,
ते आमच्या आमोण्यात पाववाल्याकडेही असतात.

समोर सुक्या मासळीवाल्या बसल्या होत्या, तिकडे धरला.
चंदेरीचं बटण दाबलं. तो जरा विचारात पडला.
तेवढ्यात मांजर बांगडा घेऊन गेलं
आणि फोटोत आली टोपली, आणि शेपटीचा शेवट.
काळा झटपट. पण त्याला लाल रंग कळत नाही:
चोरिसांच्या माळा विटांसारख्या.
चंदेरीत त्या अशा की वास यावा.

मग बोट चुकून मागच्या बाणावर पडलं.

पंखा.
पंखा, जरा तिरका.
आग्नेलचे दात.
तोंडावर हात धरून हसणारी एक सिस्टर.
गळ्यात जाड साखळी घातलेला कुणी बोटीवरचा,
त्याच्या कडेवर त्याला न ओळखणारं मूल.
पुन्हा पंखा. सगळ्यांना आधी पंखाच का दिसतो?
आणि मग किमतीची चिठ्ठी.
आठ हजार नऊशे नव्वद, आकडे स्वच्छ,
आणि कोपऱ्यात अंगठा.

नख मधोमध चिरलेलं, अर्धं काळं.
बार्जचा पत्रा पडला होता त्यावर, चवथीच्या आदल्या दिवशी.
सात रात्री मी हळद भरली आहे त्या नखात.

काळा उचलला. बाण, बाण, बाण.
सात हजार चारशे पन्नास. तोच अंगठा.
इथं आकडे हललेले.
त्याच्या पुढं आणखी एक: रस्ता, डिचोलीची बस,
दारात लोंबकळणारा कंडक्टर, पाय हवेत,
हवेतच नीट थांबलेला.

तारीख दोन्हींत एक जानेवारी, बारा वाजून शून्य मिनिटं.
घड्याळ कुणी लावलंच नव्हतं.

"हा कोण?" मी विचारलं, अंगठा दाखवून.
आग्नेल वाकून बघत म्हणाला,
"येता एकलो. वेल्डिंगच्यो कांडयो आसतात हातात.
दोनूय उखलता, पळयता, दवरता. वता."

घरी म्हणाला होता, फोटो कशाला?
माणसं काय पळून चाललीत?
आणि ताटातली भेंडी बाजूला काढत राहिला होता.

काळा द्या, म्हटलं.
आग्नेल आतून सीलबंद खोका घेऊन आला.
नको, हाच.
"बाय, हो डेमो पीस. हाका ओरखडे आसात."
असू देत.
त्यानं मालकाकडं पाहिलं, मालकानं माझ्याकडं,
दोनशे कमी झाले, गॅरंटी गेली.
सेल मात्र त्यानं नवे घातले.

बसमध्ये खिडकीशी बसले.
सुक्या बांगड्याची पिशवी पायाशी, कॅमेरा मांडीवर, पदराखाली.
लाल रंगाचं थोडं वाईट वाटत होतं.
स्क्रीन उजळला की तो पहिल्यांदा विचारतो: वर्ष?
ते भरलं. महिना? तोही भरला.
दिवसाच्या रकान्यात आकडा लुकलुकत होता,
आणि कंडक्टरनं तिकीट विचारलं.
मी वर पाहिलं.
हाच तो, की दुसरा, सांगता येईना;
हा दोन्ही पाय टेकून उभा होता.